वरच्या वाडीची भिंत

रामघाटावरचा गाळ धुवायला घेतला की पावसाळा संपला, असं आमच्या घरी धरत. कॅलेंडर काहीही म्हणो. शिप्रा उतरते आणि पायऱ्यांवर करड्या चिखलाची जाड साय सोडून जाते. मग पाण्याचे फवारे मारतात, लांब दांड्याचे झाडू फिरतात, आणि एकेक पायरी पुन्हा दिसायला लागते. ओल्या दगडावर अश्विनातलं ऊन पडलं की एक वास सुटतो. थोडा मातीचा, थोडा लोखंडाचा, थोडा कुजलेल्या झेंडूचा. तो वास आला की बाबा चहाचा कप अर्धा ठेवून उठायचे.

बाबा दगडाचं काम करायचे. पुरात घाटाच्या ज्या पायऱ्या सुटायच्या, त्या परत बसवणाऱ्या टोळीत ते होते. घाटावर सगळे त्यांना मिस्त्रीजी म्हणत. लहानपणी रविवारी मी पाण्याची बाटली घेऊन त्यांच्यामागे जायचे. ते चपला काढून हातात घेत आणि पायऱ्यांवर टाच आपटत चालत. एका दगडाशी थांबत. पुन्हा टाच आपटत.

"ऐकलंस?"

"काय?"

"पोकळ बोलतोय. खालची माती गेलीय त्याच्या."

मला सगळे दगड सारखेच वाजायचे. मोठ्या छत्रीखाली बसलेले एक म्हातारे पंडे तिथूनच ओरडायचे, "मिस्त्रीजी, पत्थर से ही बतियाओगे क्या दिनभर? मेरा तखत डगमग करता है, जरा देख लो."

"महाराज, तखत सीधा है, आप एक तरफ बैठते हो," बाबा म्हणायचे, आणि छत्रीखालून हसण्याचा आवाज यायचा.

परवा एम.ए.च्या तासावरून येताना मी मुद्दाम घाटावरून आले. गाळ धुतलेला होता. वास आला. मी चपला काढल्या, एका पायरीवर टाच आपटून पाहिली आणि लगेच इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहत तर नाही ना म्हणून. काहीच ऐकू आलं नाही. बाबा वैशाखात गेले. हा त्यांच्याशिवायचा पहिला अश्विन आहे.

हे सगळं कसं सांगावं मला नीट कळत नाही. मला फार लिहायची सवय नाही. मी लिहिते ते परीक्षेत. पण सांगायचं आहे ते गेल्या वर्षीच्या कार्तिकातल्या दोन दिवसांचं, आणि खरं तर त्यातल्या एका वाक्याचं, जे माझ्या तोंडून गेलं.

बाबांचं गाव सह्याद्रीत, घाटमाथ्यावर. गाव म्हणजे एकाच डोंगरसोंडेवर एकाखाली एक बसलेल्या तीन वाड्या: खालची, मधली आणि वरची. सगळी घरं काळ्या दगडाची. बाबा वरच्या वाडीतले. सोळाव्या वर्षी एका ठेकेदाराबरोबर ते उज्जैनला आले, सिंहस्थाच्या आधी घाटाची कामं निघाली होती तेव्हा. सिंहस्थ झाला, साधू गेले, गर्दी गेली, बाबा राहिले. आई मिळाली ती इथेच, भैरवगढला कापडछपाईच्या कारखान्यात काम करणारी. अजूनही ती तिथेच जाते. तिच्या बोटांच्या पेरांमध्ये लाल आणि काळा रंग कायमचा मुरलेला आहे. नानाखेड्याच्या आमच्या दोन खोल्यांत बाबा चौथी पास, आई सातवी, आणि मी कॉलेजात.

बाबा गावाबद्दल फार बोलत नसत. बोलले तर भिंतींबद्दल. उन्हाळ्यात वीज गेली की आम्ही ओट्यावर बसायचो आणि ते सांगायचे, भिंत एक नसते, दोन असतात. बाहेरचं तोंड एक, आतलं तोंड एक, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही तोंडांना धरून ठेवायला दर थोड्या अंतरावर एक लांब दगड असा घालायचा की तो या बाजूने जाऊन त्या बाजूला निघेल. आरपार दगड. त्यांच्या वाडीत त्या दगडाचं टोक बाहेर वीतभर ठेवायची रीत होती. मुद्दाम. म्हणजे पुढे शंभर वर्षांनी कुणी भिंत दुरुस्त करायला आला तरी त्याला बाहेरूनच कळावं, इथे भिंत बांधलेली आहे, इथे हात लावू नये. त्या टोकांवर बायका काहीबाही ठेवत. गुरांमागे गेलेल्या पोराची भाकरी फडक्यात बांधून त्यावर असायची. मांजर पोचत नसे, पोराचा हात पोचे.

"आणि उंची कमी पडली तर?" मी विचारलं होतं.

"मग अजून भाकरी खायची. उंची वाढेपर्यंत आई देते हातात."

मी हे ऐकायचे, पण अर्धंच. मोबाइलवर काहीतरी चालू असायचं.

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा असे. पाटावर लाल कापड, त्यावर छिन्न्या, दोन हातोड्या, दगड फोडायची जड सुतकी, आणि भिंत सरळ आहे का ते बघायचा पितळेचा ओळंबा, ज्याची दोरी बाबा दर वर्षी नवी घालत. मी शाळेत जायला लागले त्या वर्षापासून बाबांनी छिन्नीशेजारी माझं पेन ठेवायला सुरुवात केली. हळदीकुंकू पेनालाही. आई म्हणायची, "अहो, पेन फार खराब होतं हो." बाबा म्हणायचे, "होऊ दे. तेही हत्यारच आहे घरातलं."

मागच्या वर्षी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला एक प्रकल्प होता, जुन्या वस्त्यांबद्दल. मी मोबाइलवर शोधत असताना एक पान उघडलं. डोंगरातली दगडी गावं, जुन्या पद्धतीने पुन्हा उभी केलेली. राहायला या, चुलीवरचं जेवण, ताऱ्यांखाली शांतता. एका फोटोत सोंडेवर तीन वाड्या होत्या. मी फोन बाबांपुढे धरला. त्यांनी फोटोवर बोट ठेवलं, तर फोटो मोठा झाला, आणि त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मग पुन्हा बोट ठेवलं.

"ही आमची वाडी आहे," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "छत घातलंय कुणीतरी."

एका पावसाळ्यात वरच्या अंगाला दरड आली आणि सगळी माणसं खाली घाटाच्या पायथ्याशी पत्र्याच्या घरांत गेली, एवढं त्यांना माहीत होतं. घरं रिकामी पडली, पुढे कुठल्या तरी संस्थेने ती चालवायला घेतली, हे माहीत नव्हतं. चुलत्यांनी सह्या केल्या असाव्यात. बाबांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्याचं त्यांना वाईटही वाटलं नाही. ते फक्त फोटोत भिंत शोधत होते.

तेव्हा त्यांची छाती आधीच बिघडली होती. आयुष्यभर दगड फोडला, त्याची धूळ आत जाऊन बसली. जिना चढताना मध्ये थांबून ते भिंतीला हात लावून उभे राहत, जणू भिंतच तपासतायत. आई म्हणाली, "वैशू, फालतूचा हट्ट करू नकोस. इतका लांबचा प्रवास, डोंगर, थंडी. काही झालं तर मी काय करू इथे बसून?"

"मीच म्हणतोय जायचं," बाबा म्हणाले. "ती नाही."

आईने मग दशम्या केल्या, रतलामी शेव बांधून दिली, आणि स्टँडवर बस हलेपर्यंत एकच सांगत राहिली, "इनको ज्यादा चलाना मत." घाबरली की आई हिंदीत जाते.

नानाखेड्याहून इंदूर, इंदूरहून पुणे, पुण्याहून पुढे दोन एसट्या. शेवटच्या एसटीत बाबा खिडकीशी बसले. बाहेर भात कापून झालेली खाचरं होती, त्यांत पेंढ्यांचे ढीग, आणि कार्तिकातलं ते पातळ ऊन. मी पहिल्यांदाच माझ्या बाबांचं गाव बघत होते आणि माझ्या डोक्यात प्रकल्पाची प्रश्नावली होती.

संस्थेचा व्यवस्थापक आम्हाला खालच्या वाडीत भेटला. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा असेल. पुण्याकडचा, काळा टी शर्ट, गळ्यात ओळखपत्र. फार नम्र. मी आधी ईमेल केली होती, म्हणून त्याने माझं नाव वाचून म्हटलं, "या मॅडम."

मला आजपर्यंत कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. हे मी लिहिते आहे कारण ते खरं आहे, आणि कारण पुढचं त्याच्याशी जोडलेलं आहे. बाबांकडे वळून त्याने विचारलं, "हे?" मी म्हणाले, "माझ्याबरोबर आहेत." वडील आहेत म्हणाले नाही. बाबा त्या वेळी एका भिंतीशी जाऊन पोचले होते.

खालची वाडी खरंच सुंदर केली होती. हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. बाबांनी घरांना बाहेरून एक फेरी मारली, दोन ठिकाणी तळहात ठेवला आणि म्हणाले, "हे कुणी केलं?" व्यवस्थापक म्हणाला, इथलेच दोन म्हातारे गवंडी होते, त्यांनी. एक आता अंथरुणावर आहेत, वाचा गेलीय त्यांची, एक वारले. बाबांनी मान हलवली. दगडांची टोकं बाहेर वीतभर आलेली होती. एका टोकावर कुणा पाहुण्याचा गॉगल ठेवलेला होता. बाबा हसले.

मधल्या वाडीत ते हसले नाहीत. तिथपर्यंत चढायला त्यांना अर्धा तास लागला होता आणि त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. व्यवस्थापक पुढे चालत मला सांगत होता, मी लिहून घेत होते. पुनर्वापर. स्थानिक साहित्य. पर्यावरणपूरक. मला ते शब्द येत होते, याचा मला आनंद होत होता.

वरच्या वाडीत अंगणात लाल काठाचं हिरवं लुगडं नेसलेल्या एक बाई ट्रे घेऊन उभ्या होत्या. तिथे काम करणाऱ्या सगळ्या बायकांना तसंच लुगडं होतं, पाहुण्यांना आवडतं म्हणून. त्यांनी माझ्या हातात पेला दिला, बाबांच्या हातात द्यायला वळल्या आणि ट्रे तसाच राहिला.

"आरं गणा? तू व्हय रं?"

"हौसे," बाबा म्हणाले.

"पाव्हणा हून आलायस व्हय आपल्याच दारात? घे, घे. वेलकम ड्रिंक हाय. नाचणीची आंबीलच हाय ती, नाव तेवढं बदललंय. माझं बी बदलतील एक दिवस."

ती बाबांची चुलतबहीण, हौसाआत्या. पत्र्याच्या घरातून रोज सकाळी चढून यायची आणि जिथे ती लहानाची मोठी झाली त्या वाडीत पाहुण्यांसाठी भाकरी थापायची. बाबा तिच्याशी जे बोलले ती मराठी मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती. उज्जैनमध्ये ते आमच्याशी अर्धं हिंदीतच बोलत. इथे त्यांचा आवाज वेगळा होता, भरभर, खालच्या पट्टीतला, मध्येच खोकला, मध्येच हसू. कोण मेलं, कुणाला कुठे दिली, कुणाची म्हैस दरडीत गेली. मी एका लांब दगडी बाकावर बसून आंबील पीत होते आणि मला वाटलं, मी या माणसाला ओळखतच नाही. ते वाटणं वाईट नव्हतं. तेवढ्यापुरतं मला छान वाटलं.

"ती पोरगी?" आत्याने विचारलं.

"माझी. कालेजात हाय."

"बापावर गेली न्हाई. बरी हाय."

बाबा हसत माझ्याकडे वळले आणि त्यांचं हसू गेलं. ते माझ्याकडे नाही, मी बसले होते त्या दगडाकडे बघत होते.

"ऊठ जरा," ते म्हणाले.

मी उठले. त्यांनी वाकून दगडावरून हात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. एक टोक पावसावाऱ्याने काळंभोर गुळगुळीत झालेलं, बाकीचा दगड फिकट. त्या काळ्या टोकावर मध्ये उथळ खळगा होता. "हा इथं काय करतोय?" ते म्हणाले. पुढे तसेच अजून तीन बाक होते. पाहुणे त्यांवर बसून फोटो काढत होते.

बाबांचं हे घर पुन्हा उभं करताना संस्थेच्या लोकांनी भिंत पूर्ण उतरवली होती आणि नव्याने चढवली होती. गावचे गवंडी तोवर राहिले नव्हते, बाहेरची माणसं होती. त्यांना ते लांब देखणे दगड भिंतीत आरपार घालणं म्हणजे वाया घालवणं वाटलं असेल. बाक किती सुरेख होतात त्यांचे. आणि बाहेर आलेली टोकं नसल्याने भिंत कशी सपाट, सरळ दिसत होती, फोटोत दिसावी तशी. चूक अशी कुणाची म्हणणार? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

बाबा भिंतीशी गेले. कान लावला. तळहात छातीच्या उंचीवर ठेवून हळूहळू बाजूला सरकवत नेला, जसा डॉक्टर त्यांच्या छातीवर ठेवायचा. मग खिशातून घराची किल्ली काढली आणि सांध्यातला नवा भराव खरवडायला लागले.

"काका! काका, प्लीज," व्यवस्थापक धावत आला. "हात नका लावू. पॉइंटिंग झालंय नुकतंच."

"पोट सुटलंय हिचं," बाबा म्हणाले. त्यांना धाप लागली होती, शब्द तुटत होते. "दोन भिंती सुट्या उभ्या आहेत. धरायला काही नाही मध्ये. और ये सीमेंट भर दिया, पाणी आत गेलं तर बाहेर कुठून येणार? पावसात बसेल ही. इकडचा कोपरा. चुलीचा."

"काका, आर्किटेक्टनी डिझाइन केलंय हे सगळं."

"तो दगड बाक नाही. तो माझ्या बापाने... सहा माणसांनी उचलून..." आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. त्यांनी एका हाताने भिंत धरली आणि दुसऱ्या हाताने किल्लीने खरवडत राहिले. चारपाच पाहुणे जमले होते. एका मुलीने फोन वर केला होता. व्यवस्थापकाने माझ्याकडे बघितलं. अजूनही नम्रपणे. "मॅडम, तुम्ही सांगता का?"

मी गेले, बाबांचा हात धरून खाली केला आणि म्हणाले, "सॉरी सर. त्यांना यातलं काही कळत नाही."

अगदी शुद्ध, स्वच्छ मराठीत म्हणाले. स्पर्धेत बोलतात तसं.

बाबांचा हात माझ्या हातात होता. तो हलका झाला. त्यांनी किल्ली खिशात ठेवली, विजारीला हात पुसला आणि अंगणाच्या कडेला जाऊन उभे राहिले. हौसाआत्या ट्रे घेऊन तिथेच होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती पेले गोळा करायला लागली.

त्या संध्याकाळी जेवायला पिठलं-भाकरी होती. बाबांनी भाकरी मोडून खाल्ली, "चांगली झालीय हौसे" म्हणाले. मला प्रकल्पाला हवं ते सगळं मिळालं का, हेही विचारलं. परतीच्या बसमध्ये त्यांनी आपली शाल माझ्या अंगावर टाकली. एक शब्द त्या गोष्टीबद्दल नाही. रागाचा नाही, टोमण्याचा नाही. मला वाटलं, विसरले. म्हातारी माणसं विसरतात. मला तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

घरी आल्यावर आईने विचारलं, "कसं होतं घर?"

"चांगलं ठेवलंय," बाबा म्हणाले.

पूर्वी मी रात्रीचं जेवण झाल्यावर अभ्यास मोठ्याने वाचायचे आणि बाबा भिंतीला टेकून ऐकायचे. इतिहास त्यांना आवडायचा. मध्येच थांबवून विचारायचे, एवढा मोठा किल्ला, मग पाणी कुठून आणायचे? तो दगड कुठल्या खाणीतला? मी पान उलटायचे. त्या हिवाळ्यात मी प्रकल्प लिहीत होते. एकदा म्हणाले, "बाबा, ऐका ना, हे बरोबर आहे का बघा, भिंतींबद्दल लिहिलंय."

"वाच की तू. मला काय कळतंय त्यातलं," ते म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ना राग, ना दुखावल्याची खूण. त्यांनी ते वाक्य माझ्याकडून घेतलं होतं आणि खरं मानलं होतं. कॉलेजात जाणारी मुलगी म्हणते तर तसंच असेल. इतकी वर्षं त्यांनी माझं पेन आपल्या छिन्नीशेजारी ठेवलं होतं ते काय उगाच?

मी तेव्हा माफी मागायला हवी होती. मी "असं काय बोलता" म्हणाले आणि वाचायला लागले. मग सेमिस्टर आली, मग माझी शेवटची परीक्षा, मग ऑक्सिजनचा सिलिंडर घरात आला. उन्हाळ्यात घाटावरची टोळी भेटायला आली तेव्हा त्यातल्या एकाने विचारलं, "मिस्त्रीजी, वो नीचे वाली सीढ़ी फिर हिल रही है, क्या करें?" बाबांनी हात हलवला, "तुम देख लो. अब मेरे को क्या समझता है." तो माणूस हसला, त्याला विनय वाटला. मी चहाचे कप घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

प्रकल्पाला मला चांगले गुण मिळाले.

श्रावणात हौसाआत्याचा फोन आला. बाबा गेल्याचं तिला कळवलं होतं, त्यानंतर पहिल्यांदाच.

"वैशे, भित पडली गं."

मला आधी समजलंच नाही, कुठली.

"वरच्या वाडीची. चुलीचा कोपरा. दुपारी. म्या पानी आनाय गेलते म्हनून हाय." तिचा आवाज स्थिर होता. "त्यानं सांगितलं व्हतं. म्या त्याच दिशी सायबाला बोलनार व्हते, ह्यो मानूस न्हाई चुकायचा म्हनून. पर तूच म्हनालीस त्याला कळत न्हाई. शिकलेली पोर. मग भाकरी थापनारीचं कोन ऐकतंय?"

ती रागावली नव्हती. फक्त जे झालं ते सांगत होती. मी "हो आत्या" म्हणाले.

आणि गेल्या आठवड्यात व्यवस्थापकाचा फोन. हौसाआत्याला विचारावं हे त्याच्या मनात आलं नसावं. पाऊस थांबला आहे, काम काढायचं आहे. तो तसाच नम्र होता आणि मला वाटतं, मनापासून ओशाळलेला. "मॅडम, त्या दिवशी तुमच्यासोबत जे काका होते ना, त्यांचा नंबर मिळेल का? ते जे म्हणत होते तेच झालं. आम्हाला तसेच दगड घालून भिंत बांधायची आहे. बाक काढतोय आम्ही."

"ते माझे वडील होते," मी म्हणाले.

"होते म्हणजे..."

"वैशाखात गेले."

त्याने हळूच विचारलं, त्यांनी काही लिहून ठेवलंय का? किंवा तुम्हाला काही सांगितलं असेल? किती अंतरावर घालायचे तो दगड, कुठलं अंग वर, कुठलं खाली. टोक बाहेर किती.

वीतभर, एवढं मी सांगितलं. मग मी ओट्यावरच्या त्या सगळ्या संध्याकाळी आठवायचा प्रयत्न केला. बाबा हातवारे करून सांगतायत. दगडाला कूस असते, त्या कुशीवर त्याला निजवायचं, उभा केला की तो फुटतो. ती कूस कशी ओळखायची, हे सांगताना ते काय म्हणाले होते? पाणी मारून बघायचं म्हणाले होते की वाजवून? दोन दगडांत किती हात? मला त्यांचा आवाज ऐकू येत होता, त्यांचं बोट दिसत होतं हवेत रेघ ओढणारं, आणि शब्दांच्या जागी माझ्याच मोबाइलचा उजेड.

"मॅडम?"

"सॉरी," मी म्हणाले. "मला यातलं काही कळत नाही."

आज खंडेनवमी. आईने सकाळीच पाट मांडला. लाल कापड भैरवगढचंच, कडेला बुट्ट्यांची ओळ थोडी सरकलेली, म्हणून कारखान्यातून तिला मिळालेलं. छिन्न्या मी काढून तेल लावून पुसल्या. सुतकी मला एका हाताने उचलवली नाही, आईने दुसरीकडून धरली. हळदीकुंकू वाहिलं. आई म्हणाली, "पेन ठेव ना तुझं." मी म्हणाले, या वर्षी नको. तिने माझ्याकडे पाहिलं, उठली, माझ्या बॅगेतून पेन काढलं आणि स्वतःच छिन्नीशेजारी ठेवलं. तिला त्या दिवसाचं काहीच माहीत नाही. बाबांनी सांगितलं नाही, मी सांगितलं नाही.

ओळंब्याची दोरी जुनी झाली होती. दर वर्षी बाबा बदलायचे. मी नवी घातली, गाठ तीन वेळा सुटली. मग दाराच्या चौकटीशी उभी राहून तो सोडून पाहिला. पितळेचा तो लहानसा भोवरा इकडून तिकडे हेलकावत राहिला. लहानपणी मी धरला की असाच हलायचा आणि बाबा मागून म्हणायचे, हात नाही हलत तुझा, श्वास हलतोय. सोड सगळा बाहेर, मग तो आपोआप थांबतो.

मी श्वास बाहेर सोडला. आतून आईने विचारलं, "काय बघतेस गं तिथे?"

काही नाही म्हणाले. तो अजून हलत होता.